कॉन्टेसा क्लासिक १.८ (१९९४): इंजिनाचा दम वाढवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

कॉन्टेसावाला_प्रतापनगर
१२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

बाबांनी १९९४ साली घेतलेली आमची कॉन्टेसा क्लासिक ९ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन, ५ गिअर, नंबर एमएच ३१ चा. मागच्या दसऱ्याला टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर साफ केला, नवी बॅटरी लावली आणि ती तिसऱ्या सेल्फला चालू झाली. त्यानंतर डेन्टिंग-पेंटिंग करून मूळचाच गडद निळा रंग दिला. वर्धा रोडवर सिग्नलला थांबलो की बाजूची पोरं विचारतात, ही कोणती गाडी? लांबच लांब बॉनेट, मागच्या चाकांना मिळणारी ताकद, बसकी ठेवण. माझ्या लेखी तरी ही आपली देशी मसल कारच.

आता इंजिनाकडे वळायचंय. कारखान्यातून निघताना ८८ अश्वशक्ती होती, मला १२० च्या आसपास न्यायची आहे. डोक्यात असं आहे: दोन साइड-ड्राफ्ट (आडव्या घशाचे) कार्बोरेटर, जास्त ड्युरेशनची (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारी) कॅमशाफ्ट, एक्झॉस्टला चार नळ्यांचा हेडर, मोकळा सायलेन्सर, १५ इंची अलॉय आणि रुंद टायर. हाताशी अडीच लाख आहेत. पावसाळ्याआधी बाबांना समृद्धी महामार्गावरून शिर्डीला न्यायचं आहे. त्यांनी ही गाडी घेतली तेव्हा असा रस्ता नव्हता, आणि मला त्यांना या गाडीतूनच तो दाखवायचाय.

हे काम कोणत्या क्रमानं करावं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

---

पिकअप_धरमपेठ
१२ जानेवारी, रात्री १०:१५

भाऊ, फोटो टाका आधी!

माझं ऐकाल तर १८१७ सीसीवर अडीच लाख घालवू नका. एखादं आजचं २ लिटरचं टर्बो डिझेल पाहा, गिअरबॉक्ससकट. बॉनेटखाली जागा भरपूर आहे. १४० अश्वशक्ती बसल्या जागी मिळेल आणि अॅव्हरेजही चांगलं पडेल.

---

कागद_आधी
१३ जानेवारी, सकाळी ७:५०

वरच्या सल्ल्यावर एक पैसाही खर्च करण्याआधी हे वाचा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकात लिहिलेला तपशील उत्पादकाच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इंजिन बदलायला परिवहन कार्यालयाची आधी मंजुरी लागते. पेट्रोलच्या गाडीत भलत्याच कंपनीचं डिझेल इंजिन बसवून पुस्तकात पेट्रोलच ठेवणं म्हणजे अपघात झाला की विमा हातचा गेलाच समजा.

अनेकांना वाटतं जुनी गाडी म्हणजे व्हिंटेज, तिला सगळं माफ. तसं नाही. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी. तिला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला वेगळा नंबर मिळतो. कॉन्टेसा बाजारात आली तीच १९८४ साली. म्हणजे सगळ्यात पहिली कॉन्टेसासुद्धा २०३४ च्या आधी त्यात बसणार नाही. तुमच्या गाडीला दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर आहेच, आणि त्या तपासणीत धूर, ब्रेक, दिवे, आवाज सगळं पाहतात. मोकळ्या सायलेन्सरचा विचार तिथेच सोडा.

त्याच इंजिनात राहून, तेच इंधन ठेवून, दुरुस्ती करताना चांगला भाग टाकणं यात मन लावा. त्यातही पुष्कळ करण्यासारखं आहे.

---

लेथमास्तर
१३ जानेवारी, दुपारी १:२०

कॉन्टेसावाले भाऊ, हिंगणा एमआयडीसीत माह्यं लेथचं काम हाये, ३१ वर्षं झाली हेड अन् ब्लॉक हातात घेऊन. तुमची यादी वाचली. यादीत गाडी पयवाचं सगळं हाये, थांबवाचं काहीच नाई.

पह्यले मले हे सांगा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतमधला दाब, किती? रेडिएटर शेवटचा कधी उघडला? ब्रेक ऑइल कोणत्या साली बदललं? टायरवर शेवटचे चार आकडे कोणते? हे चार जवाब आल्याबिगर मी कॅमशाफ्टवर बोलत नाई. उभ्या गाडीचं इंजिन अन् चालत्या गाडीचं इंजिन सारखं नसते. नऊ वर्षं जे व्हॉल्व्ह उघडे राह्यले, त्याइले गंज धरला असंन तर तुम्ही काय कार्बोरेटर लावून राहिले?

---

उष्मागतिकी
१३ जानेवारी, रात्री ८:०५

मास्तरांच्या चार प्रश्नांना माझाही दुजोरा. मी अभियांत्रिकीच्या मुलांना हाच विषय शिकवते, म्हणून नागपूरच्या हवेचा हिशेब मांडते. परदेशातली पुस्तकं आणि व्हिडिओ पाहून योजना आखणारे हा हिशेब हमखास विसरतात.

इंजिन हवा ओढतं ती आकारमानानं, ताकद मात्र हवेच्या वजनातून येते. १५ अंशांची हवा आणि ४५ अंशांची हवा यांच्या घनतेत साधारण साडेनऊ टक्क्यांचा फरक पडतो. त्यात आपण समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, तिथे आणखी साडेतीन टक्के. म्हणजे तुमच्या ८८ मधले ढोबळमानानं ११ ते १२ मे महिन्याच्या दुपारी आपोआप गेले. गाडीत काहीही बिघाड नसताना.

आता बॉनेटखाली पाहा. एअर फिल्टरची नळी इंजिनाजवळून हवा घेत असेल तर ती हवा ४५ ची नसते. ट्रॅफिकमध्ये ७० अंश सहज होते. ४५ वरून ७० म्हणजे आणखी सात टक्के घट. ही सात टक्के ताकद परत मिळवायला कॅमशाफ्ट लागत नाही. ग्रिलच्या मागून गार हवा आणणारी एक बंद नळी आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पत्र्याचं आवरण, एवढ्यावर भागतं. हजार-दोन हजारांचं काम.

गरम हवेत ठोका लवकर येतो हेही त्याच्या जोडीला आहेच. ठोका म्हणजे ठिणगीनं पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकणं, चढावर टण्‌टण् असा आवाज येतो तो. डिसेंबरात लावलेलं ठिणगीचं टायमिंग मे महिन्यात इंजिन फोडू शकतं. इथे २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ पर्यंत गेला होता. तुमची गाडी त्याच शहरात चालायची आहे.

---

पिकअप_धरमपेठ
१३ जानेवारी, रात्री ९:३०

ताई, हे माहीत नव्हतं. बाइकला उन्हाळ्यात पिकअप कमी वाटतो तो यामुळेच का?

---

उष्मागतिकी
१३ जानेवारी, रात्री ९:४४

बऱ्याच अंशी हो. कार्बोरेटरची असेल तर मिश्रणही बदलतं. हवा पातळ झाली तरी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, तेवढाच राहतो, म्हणून थोडं जास्त पेट्रोल जातं. इंजेक्शनच्या गाड्या हे स्वतः सांभाळून घेतात.

---

कॉन्टेसावाला_प्रतापनगर
१९ जानेवारी, रात्री ११:००

मास्तर काका, जवाब घेऊन आलो.

रेडिएटर: दसऱ्याला नुसता फ्लश केला, त्यात बोअरचं पाणी भरलंय. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) नाहीच. पूर्वी कोण्या मेकॅनिकनं काढून टाकला होता, "नागपुरात लागत नाही" म्हणून. टायर: २३१५. ब्रेक ऑइल: आठवत नाही, गाडी उभी ठेवली त्याच्याही आधीचं असेल. कॉम्प्रेशन पुढच्या आठवड्यात मोजतो.

आणखी एक गोष्ट, आधी लिहायची राहिली. डिसेंबरच्या शेवटी आईबाबांना घेऊन रामटेकला गेलो होतो. गडावरून उतरताना खालच्या वळणांवर पेडल मऊ लागलं, जवळजवळ पायाखालच्या मॅटला टेकलं. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेकवर घेतली. दहा मिनिटं थांबलो तर पेडल परत नीट. मला वाटलं लायनर नवीन आहेत, बसायला वेळ लागत असेल.

---

लेथमास्तर
१९ जानेवारी, रात्री ११:२०

बाप्पा, हे तू आज सांगून राहिला?

लायनर बसाचा प्रश्न नाई तो. तुह्यं ब्रेक ऑइल उकळलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल पेते. नवा डॉट ३ दर्जाचा असला तर २०५ अंशाले उकळते, पण पाणी धरलेला १४० लेच. उतारावर पाय दाबून दाबून कॅलिपर तापला, आतमधी वाफ झाली, अन् वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली गेलं. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल झालं, पेडल वापस. ज्याले हे समजत नाई तो म्हणते गाडी आपोआप सुधरली. आईबाप मांगं बसले होते ना?

मास्टर सिलिंडर, मांगचे व्हील सिलिंडर, कॅलिपरचे रबर, चारही होज. सगळे नवे. डॉट ४ भर, त्याचा २३० हाये, अन् दर दोन वर्षांनं बदल. पुढच्या डिस्कची जाडी मोज. काम होईस्तोर गाडी शेडच्या बाहेर काढू नको. टायर २३१५ म्हणजे २०१५ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असंन, रबर मेलेलं हाये. समृद्धी पुरा सिमेंटचा, मे महिन्यात तिथं टायर भाकरीवानी भाजते. जुन्या टायरवर शंभरच्या वर जाणं म्हणजे जिवाशी खेळ हाये.

---

कॉन्टेसावाला_प्रतापनगर
२० जानेवारी, सकाळी ६:१०

रात्रभर झोप लागली नाही काका. गाडीची चावी बाबांच्या कपाटात ठेवली आहे.

---

उष्मागतिकी
२० जानेवारी, सकाळी ८:३०

बरं केलंत. एक आकडा ध्यानात ठेवा. वेग दीडपट झाला की ब्रेकला पचवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. ८० वरून थांबणं आणि समृद्धीची मर्यादा असलेल्या १२० वरून थांबणं यात एवढं अंतर आहे. गाडी साधारण १२०० किलोची, वर चार माणसं आणि सामान. मागे ड्रम असतील तर मोठा भार पुढच्या डिस्कवरच येतो.

---

डेट्रॉइटकर_मूळ_सक्करदरा
२० जानेवारी, रात्री ११:५५

इथे वुडवर्ड अॅव्हेन्यूवर दर ऑगस्टला जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, १९९५ पासून. मी दरवर्षी फुटपाथवर खुर्ची टाकून बसतो. तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

मसल कारची गोष्ट बहुतेकजण १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून सुरू करतात. मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं व्ही-८, ३२५ अश्वशक्ती. आणि ब्रेक? चारही चाकांना ड्रम. पुढे डिस्कचा पर्याय आला १९६७ च्या मॉडेलला. म्हणून इथे ज्यांच्याकडे या गाड्या आहेत आणि जे त्या खरोखर चालवतात, त्यांच्या कामाच्या यादीत पहिली ओळ बहुधा पुढच्या डिस्कची असते. तुमच्याकडे निदान डिस्क कारखान्यातूनच आहे.

दुसरं, त्या काळच्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. १९७१ पर्यंत अमेरिकेत इंजिन उघडं, टेबलावर, पंखा-अल्टरनेटर-सायलेन्सर न लावता मोजायचे. १९७२ पासून सगळं जोडून मोजायला लागले आणि तीच इंजिनं कागदावर एकदम अशक्त दिसायला लागली. तुमचे १२० कुठे मोजणार? क्रँकवर (थेट इंजिनाच्या दांड्यावर) की चाकावर? मागच्या चाकावर मोजाल तर आजचे ८८ तिथे ७० च्या आसपास दिसतील. घाबरू नका, मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारे गिअर) आपला वाटा खातात.

आणि कॉन्टेसाचं मूळ घराणं व्हॉक्सहॉल व्हिक्टर, म्हणजे जनरल मोटर्सच्याच ब्रिटिश शाखेचं. १९७२ ची ती गाडी, आपल्याकडे १२ वर्षांनी आली. तेव्हा तुमच्या गाडीचं डेट्रॉइटशी लांबचं नातं आहेच.

---

कॉन्टेसावाला_प्रतापनगर
२७ जानेवारी, रात्री १०:२०

इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी फुल. पौंडात आकडे:

पहिला १५२, दुसरा १४८, तिसरा १५०, चौथा ११६.

चौथ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं, १२० झालं.

---

लेथमास्तर
२७ जानेवारी, रात्री १०:४५

ऑइल टाकल्यावर वाढलं नाई म्हणजे रिंगा चांगल्या हायेत. व्हॉल्व्ह पकडत नाई. चौथा पिस्टन वरच्या डेड सेंटरले, म्हणजे पार वर आण, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री कर, प्लगच्या भोकातून हवा सोड अन् कान लाव. सायलेन्सरमधून फुस्स आलं तर एक्झॉस्ट, कार्बोरेटरमधून आलं तर इनटेक. रेडिएटरात बुडबुडे आले तर गॅस्केट.

---

कॉन्टेसावाला_प्रतापनगर
२८ जानेवारी, रात्री ९:००

सायलेन्सरमधून. अगदी स्पष्ट.

---

लेथमास्तर
२८ जानेवारी, रात्री ९:३५

मंग आता हेड उतरतेच. हीच तुही संधी हाये, नीट ऐक.

१९९४ मधी ही गाडी शिशाच्या पेट्रोलवर चालली. त्या शिशाचा एक पापुद्रा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर बसे, सीट झिजू नाई दे. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. सीट जुन्या धातूची असंन तर ते हळूहळू आत बसत जाते, टॅपेटची फट कमी होते अन् व्हॉल्व्ह जळते. चारही एक्झॉस्ट सीट काढून कडक धातूचे बसवू. गाईड नवे. सीट तीन कोनांत कापू, म्हणजे मधातला ४५ चा, वर ३० चा, खाली ६० चा. त्यानं हवा वळणावर अडकत नाई.

पोर्टिंगच्या नावावर हेडातल्या हवेच्या वाटेची भोकं मोठी करू नको. पुष्कळ पोरं हेड घेऊन येतात, म्हणतात मास्तर मोठं करून द्या. मोठं केल्यावर हवेचा वेग पडते अन् खालचा दम जाते. मी फक्त ओतकामाची धार, सीटच्या खालचा उंचवटा अन् मॅनिफोल्डच्या गॅस्केटजवळची पायरी घासून सारखी करतो. बस.

हेडले फेस मारतान जितकं सरळ कराले लागते तितकंच. जास्त उतरवलं तर कॉम्प्रेशन वाढते हे खरं, पण कॅमशाफ्ट हेडात हाये, साखळीवर चालते. हेड खाली आलं की साखळी ढिली होते अन् व्हॉल्व्हचं टायमिंग मांगं सरकते. नवी साखळी, नवा टेन्शनर टाक.

याच्यात कायदा मोडत नाई, अन् गाडीले तिचे ८८ वापस भेटतीन. आज तिच्यात ७५ तरी आहेत का, मले शंका हाये.

---

पिकअप_धरमपेठ
२८ जानेवारी, रात्री १०:१०

काका, एवढं हेड उघडलंच आहे तर कॅमशाफ्ट याच वेळी का नको? पुन्हा उघडायचा खर्च वाचेल. आणि दोन साइड-ड्राफ्टचा आवाज एकदा ऐकलात तर तुम्हीही हो म्हणाल.

---

उष्मागतिकी
२९ जानेवारी, सकाळी ७:१५

याचं उत्तर मी देते, कारण यात एक धोका दडलेला आहे.

जास्त ड्युरेशनच्या कॅमशाफ्टमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो. ५००० फेऱ्यांच्या वर याचा फायदा होतो. पण आयडलवर मॅनिफोल्डमधली पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, घटते. प्रत्येक सिलिंडरला वेगळा घसा देणाऱ्या साइड-ड्राफ्टमध्ये ती आणखी कमी आणि धडधडती होते. आणि ब्रेकचा बूस्टर, पायाचा जोर वाढवणारा, त्याच व्हॅक्यूमवर चालतो. ज्या गाडीचं पेडल रामटेकला मॅटला टेकलं, तिच्यात हे करायचं का?

शिवाय ही गाडी वापरायची कशी? बर्डीचा ट्रॅफिक, एसी चालू, आणि महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये ९०-१००. हे सगळं २००० ते ३५०० फेऱ्यांमधलं काम आहे. ताकद तिथे हवी. मूळ कॅमशाफ्ट त्यासाठीच बनवलेली आहे. कार्बोरेटर झिजला असेल तर वेबर ३२/३६ सारखा एकामागून एक उघडणारा दोन घशांचा कार्बोरेटर पुरतो. लहान घसा रोजच्या चालीला, मोठा ओव्हरटेकला.

---

डेट्रॉइटकर_मूळ_सक्करदरा
२९ जानेवारी, रात्री ११:३०

ताईंशी सहमत. इथेही लोक आधी मोठा कॅम टाकतात आणि दोन वर्षांनी मूळचा परत बसवतात. हेडर मात्र लावा. पण त्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळा आणि पेट्रोलची नळी त्याच्यापासून वीतभर लांब ठेवा. नाहीतर तुमच्याकडच्या उन्हात पेट्रोल नळीतच उकळेल. गाडी गरम असताना बंद केली की पुन्हा चालू होत नाही, तो प्रकार.

---

उष्मागतिकी
२ फेब्रुवारी, रात्री ९:२०

पेट्रोलच्या नळीचा विषय निघालाच आहे तर इथेनॉलचंही लिहिते. हे जुन्या गाड्यांच्या मालकांनी नक्की वाचावं.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे या मिश्रणाला साधारण १३.५ भाग पुरते. १९९४ चा जेट १४.७ च्या हिशेबानं कापलेला. म्हणजे आज तुमचं इंजिन जवळपास आठ टक्के उपाशी चालतंय. उपाशी मिश्रण गरम जळतं. चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायला याचाही हातभार असू शकतो.

आठ टक्के जास्त पेट्रोल म्हणजे जेटच्या छिद्राचं क्षेत्रफळ आठ टक्के जास्त, व्यास चार टक्के. जेटवरचा आकडा हा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. समजा ११५ चा असेल तर १२० पासून सुरुवात करा. अंदाजानं नाही, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन सेन्सर लावून मिश्रण मोजा. उन्हाळ्यात पातळ हवेमुळे मिश्रण थोडं जाड होतंच, तेव्हा डिसेंबरात अगदी काठोकाठ लावू नका. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, ठोक्याच्या दृष्टीनं ते तुमच्या बाजूचं आहे.

रबराचं मात्र उलट. जुन्या नळ्या, अॅक्सिलरेटर पंपाचा पडदा, सुईचं टोक, हे सगळं इथेनॉलमध्ये फुगतं किंवा चिरतं. नळ्या फ्लुरोइलास्टोमरच्या घ्या. आणि टाकीत पेट्रोल भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

---

कागद_आधी
३ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

सुट्या भागांसाठी एक सुचवतो. हेच इसुझूचं १.८ इंजिन पुढे ॲम्बेसेडर १८०० आयएसझेडमध्ये आलं. पूर्वी हिवाळी अधिवेशन भरलं की सिव्हिल लाइन्समध्ये पांढऱ्या ॲम्बेसेडरच्या रांगा लागायच्या, मी वकिलीच्या पहिल्या वर्षांत त्या पाहत उभा राहायचो. त्यातल्या कित्येक गाड्यांचे भाग अजून निघतात. २०१४ मध्ये हिंदुस्तान मोटर्सचा उत्तरपाड्याचा कारखाना थांबला, तरी ॲम्बेसेडर सांभाळणारे जुने दुकानदार आहेत. कॉन्टेसाचा भाग म्हणून विचाराल तर नाही म्हणतील, आयएसझेडचा म्हणून विचारा.

---

कॉन्टेसावाला_प्रतापनगर
३ फेब्रुवारी, रात्री १०:००

वकील काका, ही टीप सोन्यासारखी. टेन्शनर आणि हेड गॅस्केट दोन्ही आयएसझेडच्या नावानं मिळाले.

यादी नवी केली आहे. आधी ब्रेक आणि टायर. मग रेडिएटरची नवी जाळी, थर्मोस्टॅट परत, नवं झाकण, डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट. मग हेड. मग गार हवेची नळी, हेडर, जेट. कॅमशाफ्ट आणि साइड-ड्राफ्ट खोडले. अलॉयचा विचारही सोडला, मूळ मापाचेच नवे टायर घेतो. पैसे उरले तर शॉकअप आणि मागच्या एक्सलचे बुश.

---

लेथमास्तर
३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

शॉकअप अन् बुश उरलेल्या पैशात नको टाकू, टायरच्या संगच टाक. घसरणाऱ्या मांगच्या एक्सलवर नवा टायर सहा महिन्यात खाल्ला जाते.

थर्मोस्टॅटचं बरं केलं. तो काढला की पाणी रेडिएटरात थांबतच नाई, सरसर फिरते, थंड व्हाले वेळ भेटत नाई असं पुष्कळ मेकॅनिक म्हणतात. कारण काही का असेना, हिवाळ्यात इंजिन थंडं राहते, ऑइलमधी पाणी साचते अन् सिलिंडर झिजते हे मी डोळ्यानं पाह्यलं हाये. ८२ अंशाचा टाक.

---

उष्मागतिकी
४ फेब्रुवारी, सकाळी ७:००

झाकणाबद्दल मुलांना सांगते तेच लिहिते. १३ पौंडाचं झाकण नीट दाब धरत असेल तर साधं पाणीही १०० ऐवजी ११८ च्या आसपास उकळतं, कुलंट घातल्यावर आणखी वर. झाकणाचं रबर चिरलं असेल तर नवा रेडिएटरही उकळेल. दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू आहे. आणि बोअरचं पाणी कधीच नको. आपल्याकडच्या पाण्यातला चुना पितळी नळ्यांत आतून थर धरतो.

---

कॉन्टेसावाला_प्रतापनगर
६ एप्रिल, रात्री ११:१५

दोन महिने गायब होतो, माफ करा. सगळं आजच लिहितो.

ब्रेकचं काम उघडलं तेव्हा मागच्या डाव्या व्हील सिलिंडरमधून ऑइल पाझरून लायनर भिजलेलं होतं. जुनं ब्रेक ऑइल बाटलीत काढलं, चहाच्या रंगाचं. बाबांना दाखवलं. ते बराच वेळ बाटली हातात धरून बसले.

हेड काकांच्या लेथवर गेलं. चौथ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एका बाजूनं नखाएवढा जळलेला होता. चारही सीट कडक धातूचे बसवले. डेल्कोतला (ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला) व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा पडदा फाटलेला निघाला आणि आतली वजनं गंजून अडकलेली. म्हणजे इतके दिवस टायमिंग पुढे सरकतच नव्हतं! तो भाग दुरुस्त झाल्यावर टायमिंग लाइट लावून पाहिलं, वरच्या फेऱ्यांना ३२ अंशांवर थांबवलं. ताईंच्या सांगण्यावरून त्यापुढे नेलं नाही.

कॉम्प्रेशन आता १५८, १५५, १५७, १५६.

जेट ११५ चाच निघाला. १२० लावून सेन्सरनं पाहिलं तर सरळ चालीत मिश्रण बरोबर, पूर्ण दाबल्यावर थोडं पातळ. १२२ मागवलाय.

काल रविवारी पहाटे ५:३० ला निघालो. कामठी, मनसर, रामटेक. गडावर चढून उतरलो, मुद्दाम त्याच वळणांवरून. पेडल शेवटपर्यंत कडक. खाली येऊन चारही चाकांजवळ हात धरून पाहिला, चारही सारखीच गरम. येताना ११ वाजले होते, बाहेर ४०, एसी चालू, काटा अर्ध्याच्या खाली. मनसरनंतर बाबांनी गाडी मागितली. ९ वर्षांनी चालवायला बसले. चौथ्या गिअरमध्ये ट्रक ओव्हरटेक केला आणि म्हणाले, "ही १९९४ ला अशीच होती."

शिर्डीची तारीख २६ एप्रिल ठरवली आहे. उन्हाआधी पोचायला पहाटे चारला निघणार. एक शंका: १०० च्या पुढे मागून हलकी गुणगुण येते, वेग कमी केला की थांबते. पाय उचलल्यावर आवाज बदलतो.

---

लेथमास्तर
७ एप्रिल, सकाळी ६:५०

पाय उचलल्यावर आवाज बदलते म्हणजे डिफरन्शियल. पिनियनचं बेअरिंग किंवा क्राऊनची फट. हाऊसिंगमधलं ऑइल कधी बदललं? बदललं नसंन तर काढ, खाली चुंबक धरून पाहा बारीक भुकटी येते का चकत्या येतात. भुकटी असंन तर नवं ऑइल टाकून शिर्डीले जाता येते. चकत्या आल्या तर २६ तारीख पुढं ढकल.

रविवारी ७ वाजता हिंगण्याले घेऊन ये. रात्रीपासून चालू करू नको, आदल्या संध्याकाळीच आणून ठेवली तरी चालते. टॅपेट थंड्या इंजिनावर पुन्हा पाहाचे हायेत. बाबांलेही संग आण.